तोंडी नको, लेखी द्या

(प्रौढांच्या रात्रीच्या वाचनवर्गात केलेले भाषण)



आज फळ्यावर मी दोन शब्द लिहिले आहेत. एक ‘तोंडी’ आणि दुसरा ‘लेखी’. दोन्ही शब्द लहान आहेत. मागे बसलेल्या नानांनी ते मघाशी मोठ्याने वाचलेसुद्धा. पण या दोन शब्दांत अंतर किती? पुष्कळ आहे. ते अंतर कापायला आपल्याकडच्या आशाताईंना चार वर्षे लागली. त्यांची हकीकत आज सांगतो. ती आजाराची हकीकत आहे, पैशाची आहे आणि कामगारांच्या संघाचीही आहे.

२०२० साल आठवा. मार्च महिना होता. गहू-हरभरा घरात येत होता. २२ मार्चला एक दिवसाचा कर्फ्यू झाला आणि २५ तारखेपासून सगळा देश बंद झाला. एस.टी. बंद. आठवड्याचा बाजार बंद. भुसावळच्या फलाटावर एरवी रात्री-अपरात्री पाय ठेवायला जागा नसते, तिथे प्रवासी गाडी थांबेना. रावेर-यावलकडे केळी कापणीला आली, पण ती न्यायला गाडी मिळेना. मार्च संपता संपता जळगावला पहिला रोगी सापडला. एप्रिलमध्ये धुळे जिल्ह्यातही रोग आला. पहिल्या दिवसांत जळगावकडच्या रोग्यांचे नमुने तपासायला धुळ्याला जात. निकाल येईपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागे.

आपण दारे लावून आत बसलो. मग बाहेर कोण होते? पोलीस होते. सफाई कामगार होते. दवाखान्यातल्या नर्सबाई होत्या, रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर होते. आणि आपल्या गल्लीत आशाताई होती.

दारावर थाप पडे. उघडून बघावे तर आशाताई उभी. तोंडाला ओढणी बांधलेली, हातात वही. उंबऱ्याबाहेरूनच ती विचारी, “माय, घरमा कितला माणसं शेतस? सुरतथीन कोनी उनं का? कोनले ताप शे का?”

कोणी खरे सांगे, कोणी लपवी. मुलगा सुरतहून रात्री आलेला असे, तरी “आमच्याकडे कोणी नाही” म्हणून लोक आतून कडी लावीत. बाहेरगावाहून आलेल्यांच्या हातावर शिक्का मारलेला असे. त्यांच्याकडे चौदा दिवस पुन्हा पुन्हा जाऊन बघायचे. ताप आला, खोकला आला, की दवाखान्यात कळवायचे. हे सगळे करता करता लोक तिलाच टाळू लागले. ही दहा घरी फिरते, हीच रोग आणील, असे म्हणू लागले. दिवसभर असे ऐकून ती संध्याकाळी घरी जाई. घरात म्हातारी सासू, लहान मुले. अंगावरचे लुगडे भिजत घालायचे, आंघोळ करायची, मगच पोराला जवळ घ्यायचे. एप्रिल-मे मधले आपले खानदेशचे ऊन काय असते, ते मी तुम्हाला सांगायला नको.

पुढे सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली. ताप मोजायचे पिस्तूल आणि बोटाला लावायचा चिमटा घेऊन पुन्हा घरोघर जायचे होते. तेही काम आशाताईंनी केले. मग लसीकरण आले. लोक लस घ्यायला घाबरत होते. त्यांना हाताला धरून कोणी नेले? आशाताईनेच.

आता आशा म्हणजे कोण, ते नीट समजून घेऊ. २००५ साली केंद्र सरकारने खेड्यांसाठी आरोग्याची एक मोठी योजना सुरू केली. त्यात ठरले की साधारण हजार वस्तीमागे एक बाई निवडायची. ती त्याच गावची असावी आणि तिला लिहिता-वाचता यावे. तिने गरोदर बाईला दवाखान्यात न्यावे, बाळाच्या लशीची आठवण द्यावी, क्षयाच्या रोग्याला गोळ्या द्याव्यात. काम चांगले आहे. पण ती सरकारची नोकर नाही, ‘स्वयंसेविका’ आहे, असे कागदावर लिहिले. म्हणून तिला ‘वेतन’ नाही, ‘मानधन’. बाळंतपणाचे इतके, लसीकरणाचे इतके, असे तुकड्या-तुकड्याने पैसे.

‘मानधन’ हा शब्द वहीत लिहून घ्या. मान आणि धन. साथीत मान किती मिळाला आणि धन किती मिळाले, ते आता बघू.

मान पुष्कळ मिळाला. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता आपण सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या. ३ मे रोजी मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांवर हेलिकॉप्टरमधून फुले टाकली. ‘कोरोना योद्धा’ असे नाव दिले. मे २०२२ मध्ये तर जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या सुमारे दहा लाख आशांचा एकत्र सन्मान केला. आपल्या गावची सून आणि तिची वाहवा जिनिव्हा शहरात! कोणालाही आनंद वाटेल. मलाही वाटला.

आता धनाचा हिशेब. कोविडच्या कामाचे केंद्राने जास्तीचे दिले महिन्याला १,००० रुपये. हजाराला तीसने भागा बघू. वहीवर करा, घाई नाही. आले ना ३३ रुपये? दिवसाला ३३ रुपये. शेतात निंदायला गेलेल्या बाईचा रोज याच्या कितीतरी पट जास्त असतो. शिवाय साथीमुळे नेहमीची कामे अडली, म्हणून त्या कामांचे तुकड्याचे पैसेही कमी झाले. आपल्यात म्हण आहे, नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. ती इथे बरोबर बसते.

बरे, एकटी आशाताई कचेरीत गेली तर काय होते? समजा, ती गेली.

“साहेब, मास्क मिळाले नाहीत.”

“वरूनच आले नाहीत, बाई.”

“साहेब, भत्ता?”

“येईल तेव्हा मिळेल.”

“मग मला हे काम सांगितलं आहे, एवढं तरी लिहून द्या.”

“तोंडी सांगितलं ना? मग झालं. चला, पुढचे कोण?”

हे बोलणे मी रचून सांगितले, पण ऐकताना तुम्ही हसलात. म्हणजे अशा टेबलापुढे तुम्हीही उभे राहिलेले आहात. रेशनकार्डासाठी असेल, सातबाऱ्यासाठी असेल. एकट्या माणसाला ‘वरून आले नाही’ असे सांगता येते. पण तालुक्याच्या दोनशे बाया एकदम गेल्या, तर साहेब खुर्ची सोडून बाहेर येतात. त्यांच्या हातात निवेदन असते. निवेदनाची एक प्रत साहेबांना द्यायची, दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यायची. पोहोच म्हणजे सही, शिक्का आणि तारीख. संघ, ज्याला आपण युनियन म्हणतो, तो इथून सुरू होतो. घोषणा त्यानंतर. काही मंडळींना वाटते की युनियन म्हणजे नुसता आरडाओरडा. त्यांनी युनियनच्या कार्यालयातली कागदांची कपाटे बघावीत!

ही गोष्ट आजची नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीचे सांगतो.

नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा जोतीराव फुल्यांचे सहकारी. मुंबईच्या गिरणी कामगारांचा पहिला संघ त्यांनी उभा केला. त्या वेळी गिरणीत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची सुट्टी नसे. लोखंड्यांनी सभा भरवल्या, अर्ज केले, हजारो सह्या गोळा केल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. आज शाळेतली मुले रविवारी खेळतात. त्या रविवारच्या मागे हा माणूस आहे.

पुढे १८९६ साली मुंबईत प्लेग आला. काखेत, जांघेत गाठ येई आणि चार दिवसांत माणूस जाई. लोक मुंबई सोडून पळू लागले. गिरण्या ओस पडल्या. लोखंडे पळाले नाहीत. ते प्लेगच्या रोग्यांच्या सेवेत राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने गेले. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगनेच गेल्या. त्यांचे चिरंजीव डॉक्टर यशवंत यांनी हडपसरजवळ माळावर दवाखाना काढला होता. सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या एका आजारी पोराला स्वतः उचलून तिथे आणले होते. संघ उभा करणारा माणूस आणि मुलींची शाळा काढणारी बाई, दोघेही रोग्याची सेवा करताना एकाच साथीत गेले.

त्याच फेब्रुवारीच्या ४ तारखेला इंग्रज सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा आणि अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही, असे त्यात होते. सेवा करणाऱ्याचे रक्षण कसे करायचे, त्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हते. १२३ वर्षे हे असेच चालले. २०२० मध्ये जागोजाग डॉक्टरांवर, नर्सबाईंवर, आशांवर लोक धावून गेले. तेव्हा कुठे २२ एप्रिल २०२० रोजी सरकारने त्यात दुरुस्ती केली. आता आरोग्यसेवकाला मारहाण करणाऱ्याला ३ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि जबर दुखापत केली तर ७ वर्षांपर्यंत. गावातल्या आशाही त्यात आल्या. हे ठाऊक असू द्या. आपल्या गल्लीत कोणी ताईंच्या अंगावर गेला, तर त्याला हे सांगा.

आता विम्याचे ऐका. हा भाग जरा लक्ष देऊन ऐका.

मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले की कोविडच्या कामात आरोग्यसेवक दगावला तर घरच्यांना ५० लाख रुपये विमा मिळेल. आशाही त्यात धरल्या होत्या. मे महिन्यात राज्य सरकारनेही कोविडच्या कामावर असलेल्या कर्मचाऱ्यांसाठी तेवढ्याच साह्याचा आदेश काढला. चांगली गोष्ट झाली. पण पैसे मागायला काय लागते? मृत्यूचा दाखला, कोविड झाल्याचा तपासणी अहवाल, दवाखान्याचे कागद, वारसाचे नाते दाखवणारा कागद. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे ही बाई कोविडच्या कामावर नेमलेली होती, असे वरिष्ठांचे प्रमाणपत्र.

आता बघा. जिला “उद्यापासून पलीकडच्या गल्लीत जा” असे फोनवर सांगितले, तिच्या घरच्यांनी कोणता कागद दाखवायचा? तोंडी हुकमाचा पुरावा नसतो. ज्याने हुकूम दिला त्याची बदली होते, फोन बदलतो. म्हणून संघाच्या बाया सांगत होत्या की आमचा जीव जाणार असेल तर निदान कामाचा आदेश तरी हातात द्या. काही साहेबांना या बोलण्याचा राग येई. मला विचाराल तर यापेक्षा शहाणपणाची मागणी मी ऐकली नाही.

मागण्या पुष्कळ होत्या. ठरावीक पगार द्या. कोविडच्या कामाचे वेगळे पैसे द्या. मास्क, हातमोजे, जंतुनाशक द्या. आम्ही आजारी पडलो तर दवाखान्यात जागा द्या. महाराष्ट्रात आशा सुमारे ७० हजार. त्यांच्यावर गटप्रवर्तक म्हणून देखरेख करणाऱ्या काही हजार बाया, त्यांचीही तीच दशा. त्यांचे संघ एक नव्हे, अनेक आहेत. कोणाचा बावटा लाल, कोणाचा दुसरा. एरवी या संघांचे एकमेकांशी फार जमते असेही नाही. पण साथीत त्यांनी कृती समितीच्या नावाने एकच मागणीपत्र दिले.

२०२० च्या जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवले की आशांना महिन्याला २,००० आणि गटप्रवर्तकांना ३,००० रुपये वाढ द्यायची. जुलैपासून ती लागू झाली. पुढे ७ आणि ८ ऑगस्टला देशभरच्या आशा, अंगणवाडीताई आणि शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बायांनी दोन दिवसांचा संप केला. त्यानंतर पुन्हा निवेदने, पुन्हा धरणे. २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये दुसरी लाट आली. ती पहिलीपेक्षा भारी होती. प्राणवायूच्या सिलिंडरसाठी माणसे रात्रभर धावत होती. ती लाट ओसरू लागली आणि १५ जून २०२१ पासून आशांनी बेमुदत संप पुकारला.

इथे तुमच्या मनात एक प्रश्न येणार. साथीत संप? रोगी तडफडत असताना सेवा करणाऱ्यांनी काम थांबवायचे, हा कुठला न्याय?

प्रश्न खरा आहे. तो झटकून टाकू नये. संपाच्या दिवसांत लसीकरण रेंगाळते. एखाद्या गरोदर बाईला रात्री कोणाला हाक मारावी ते समजत नाही. तिचा त्यात काही दोष नाही. आशाताईलाही हे दिसत होते. ती परक्या गावची नाही. जिच्या घरचे काम अडले ती तिची चुलतसासू किंवा शेजारीण असते.

पण दुसरी बाजूही तोला. पंधरा महिने या बाया कामावर होत्या. पंधरा महिने कागद देत होत्या. सुरुवातीलाच संप केला असता तर मीही त्यांना बोल लावला असता. त्या थांबल्या, लाट ओसरायला लागली, मग उठल्या. आणि असे बघा, सेवा करणाऱ्याला सांभाळले नाही तर शेवटी नुकसान कोणाचे होते? रोग्याचेच. जून २०२० मध्ये जळगावच्या सरकारी रुग्णालयात काय झाले ते आठवते का? ८२ वर्षांच्या एक आजीबाई कोविडच्या वॉर्डातून २ तारखेपासून दिसेनाशा झाल्या. १० तारखेला त्या तिथल्याच स्वच्छतागृहात मेलेल्या सापडल्या. सगळा देश हळहळला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. झाले ते योग्यच. पण आठ दिवस त्या दाराच्या आत कोणी झाडायला गेले नाही, रोग्यांची रोज मोजदाद करायला कोणी उभे राहिले नाही, हे काय सांगते? वॉर्डात माणसे पुरेशी हवीत, ती न घाबरता काम करतील असे साहित्य हवे, त्यांचा पगार वेळेवर हवा. नर्सबाईंचे, सफाई कामगारांचे संघ हेच मागत असतात. ‘रिकाम्या जागा भरा’ ही मागणी कामगाराच्या फायद्याची, तितकीच त्या आजीबाईंच्याही फायद्याची.

तर तो संप २३ जूनला मिटला. काय मिळाले? आशांना महिन्याला १,००० रुपये कायमची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता. गटप्रवर्तकांना १,२०० आणि ५००. १ जुलैपासून लागू. आता ५०० ला तीसने भागा. सोळा रुपये आणि वर काही पैसे. दिवसाचा भत्ता एवढाच! आणि तोही साथ असेपर्यंतच. बायांनी मागितले होते त्यापुढे हे फारच थोडे. तरीही हे लक्षात घ्या की १,००० रुपयांची वाढ साथ संपल्यावर थांबली नाही. ती संघामुळे मिळाली. थाळ्या वाजवून मिळाली नसती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अंगणवाडीताईंनीही एक गंमत केली. सरकारने दिलेले मोबाइल त्यांनी परत नेऊन दिले. का? फोन जुने, सारखे बंद पडत. आणि बाळांची माहिती भरायची ती इंग्रजीत! आपण मराठी लिहितो, मराठीत भरू द्या, असे त्या म्हणाल्या. तुम्ही आता अक्षरे शिकलात. आपल्या भाषेतले अक्षर म्हणजे काय, ते तुम्हाला अधिक समजेल.

पण ज्यांचा संघ नव्हता त्यांचे काय झाले? तेही सांगितले पाहिजे.

मुंबई-आग्रा रस्ता आपल्या धुळ्यावरून जातो. २०२० च्या एप्रिल-मे मध्ये त्या रस्त्याने माणसांची रीघ लागली होती. मुंबई-ठाण्याहून निघालेले मजूर पायी, सायकलवर, ट्रकच्या टपावर. धुळे, शिरपूर, मग घाट चढून सेंधवा, आणि तिथून पुढे शेकडो कोस. वाटेतल्या गावांनी भाकरी दिली, पाणी दिले. गाव करी ते राव न करी, हे खरे झाले. पण मजुराला भाकरीइतकीच गरज होती ती खबरीची. गाडी कुठून सुटणार, नाव कुठे नोंदवायचे, परवाना कोण देणार? हे त्यांना नीट सांगणारे कोणी नव्हते.

जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यातले वीस मजूर असेच निघाले. ते मध्य प्रदेशातले. भुसावळहून श्रमिकांची रेल्वे सुटते, असे त्यांना समजले होते. जालना ते भुसावळ दीडशे किलोमीटरच्या पुढे. रूळ धरून चालत निघाले. रात्री थकले. गाड्या तर बंद आहेत असे समजून रुळावरच आडवे झाले. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ मालगाडी आली. १६ जण गेले. त्यांच्या भाकऱ्या रुळावर पसरल्या होत्या. पोहोचायचे होते आपल्या भुसावळला, आणि आपल्या जिल्ह्याची हद्दसुद्धा त्यांना दिसली नाही.

मी असे म्हणत नाही की संघ असता तर मालगाडी थांबली असती. पण संघाचा एखादा माणूस फोनवर असता, तर त्याने विचारले असते, “नावं नोंदली का? नाही ना? मग निघू नका. मी तहसिलात विचारतो.” साथीत पुष्कळ संघांनी हेच केले. झेंडे बाजूला ठेवून याद्या केल्या, अर्ज भरले, रेशन मिळवून दिले.

आणि यादीत नाव असणे म्हणजे काय, तेही बघा. महाराष्ट्रात बांधकाम कामगारांचे एक कल्याणकारी मंडळ आहे. एप्रिल २०२० मध्ये त्या मंडळाने नोंदणी असलेल्या बांधकाम कामगारांच्या खात्यावर २,००० रुपये टाकले. पुढे त्याच वर्षी ३,००० आणि २०२१ मध्ये १,५०० दिले. २०२१ मध्ये नोंदणी असलेल्या घरकामगार बायांनाही १,५०० रुपये देण्याचे ठरले. ‘नोंदणी असलेल्या’ या शब्दांवर बोट ठेवा. एकाच भिंतीवर दोन गवंडी विटा चढवत होते. एकाची नोंदणी चालू होती, त्याला पैसे मिळाले. दुसऱ्याची नव्हती, त्याला नाही. विटा दोघांनी सारख्याच रचल्या होत्या. नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. एकट्या मजुराला ठेकेदार तो दाखला सहजासहजी देत नाही. तिथेही संघच उपयोगी पडतो.

आता फळ्यावरच्या दोन शब्दांकडे परत येऊ.

साथ सरली. लोक तोंडावरचे फडके काढून बाजारात गेले. आशाताईंचे प्रश्न मात्र तसेच होते. कामापुरता मामा, अशी त्यांची गत झाली. म्हणून १८ ऑक्टोबर २०२३ पासून पुन्हा संप झाला. नोव्हेंबरमध्ये सरकारने सांगितले की आशांना महिन्याला ७,००० रुपये वाढ देऊ. बायांनी विश्वास ठेवला. दिवाळी तोंडावर होती. त्या कामावर गेल्या.

नोव्हेंबर गेला. डिसेंबर गेला. शासन निर्णय निघेना.

शासन निर्णय म्हणजे सरकारचा लेखी आदेश. त्याला बोलताना सगळे ‘जी.आर.’ म्हणतात. मंत्र्यांनी सभेत सांगितले, वर्तमानपत्रात छापून आले, तरी जी.आर. निघाल्याशिवाय खजिन्यातून एक रुपया हलत नाही. हे आशाताईंना पक्के ठाऊक झाले होते. १२ जानेवारी २०२४ पासून त्यांनी पुन्हा काम थांबवले. नवे काही मागितले नाही. जे बोललात ते लिहून द्या, एवढेच. फेब्रुवारीत त्या मुंबईला गेल्या आणि आझाद मैदानावर बसल्या. रात्र तिथेच. कोणाच्या मांडीवर पोर, कोणाचा नवरा गावी भाकरी थापतो आहे. अशा त्या दिवसचे दिवस बसल्या.

१४ मार्च २०२४ रोजी जी.आर. निघाला. वाढ ७,००० ची नव्हती, ५,००० ची होती. नोव्हेंबर २०२३ पासून लागू. तोंडी सात आणि लेखी पाच. वजाबाकी तुम्हीच करा. काहींना वाटले आपण हरलो. मला तसे वाटत नाही. बोललेले ७,००० हवेत होते. लिहिलेले ५,००० ताईंच्या खात्यावर येणार होते, आणि एखादा महिना चुकला तर विचारायला तारीख होती, क्रमांक होता.

तरी एक गोष्ट अजून तशीच आहे. ‘स्वयंसेविका’ हा शब्द कागदावरून गेलेला नाही. २०१३ साली दिल्लीच्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार असे तिघेही बसले होते. आशा, अंगणवाडीताई, खिचडी शिजवणाऱ्या बाया यांना कामगार मानावे, किमान वेतन द्यावे, अशी शिफारस तिथे झाली. मग २०२० ची साथ आली. कामगार मानले गेले नाही, पण काम मात्र कामगारापेक्षा जास्त घेतले.

पुढच्या सोमवारी त्या जी.आर.ची एक प्रत मी वर्गात आणणार आहे. तो आपण सगळे मिळून वाचू. भाषा जरा जड असते, घाबरू नका. सगळ्यात वर विषय असतो आणि त्याखाली क्रमांक व दिनांक. मग ‘प्रस्तावना’. ती घाईत सोडून दिली तरी चालेल. त्यानंतर ‘शासन निर्णय’ असे मधोमध लिहिलेले असते, तिथून सावकाश वाचायचे. तीन गोष्टी शोधायच्या. कोणाला? किती? कधीपासून? शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ अशी ओळ येते, आणि तिच्याखाली सही.

आपल्या आशाताईंनाही मी बोलावले आहे. त्या येतो म्हणाल्या आहेत, कोणाचे बाळंतपण मध्ये आले नाही तर. पहिली ओळ नानांनी वाचायची. दुसरी शेवंतामावशींनी. चष्मा घरी विसरू नका.